खालच्या आजींचा हिस्सा

आमच्या इमारतीच्या खिडक्यांसाठी तिघांनी पैसे भरले. त्यांतल्या एका व्यक्तीला रस्त्याचा आवाज ऐकूच येत नव्हता. रात्री नऊच्या बातम्या संपल्या की खालच्या आजी कानातलं यंत्र काढून डबीत ठेवत. मग दारात बँड लावला तरी त्यांना पत्ता लागला नसता. तरीही आवाज अडवणाऱ्या महागड्या काचेच्या खर्चातला आपला हिस्सा त्यांनी कुरकुर न करता दिला. मी हिशेब तपासण्याचं काम करते. कुणाचं देणं किती, कुणाचं येणं किती, हे दिवसभर माझ्यासमोर असतं. आजींचं देणं मात्र माझ्या कुठल्याच वहीत बसत नाही, म्हणून ते इथे लिहून ठेवते आहे.

आम्ही राहतो ते नेदरलँड्समधल्या हेगमध्ये. हेग म्हटलं की जुन्या मराठी माणसाला सावरकर आठवतात. मार्सेयच्या बंदरातली ती उडी, आणि तिच्यावरून १९११ मध्ये हेगच्या लवादानं इंग्रजांच्या बाजूनं दिलेला निकाल. आम्ही आलो ते मात्र साध्या पोटापाण्याच्या निमित्तानं. नवऱ्याला रॉटरडॅम बंदरातल्या एका रसायन कारखान्यात नोकरी लागली, मला हेगमध्ये. लान फान मेरदरफोर्त हा या शहराचा लांबलचक रस्ता. देशातला सगळ्यात लांब ‘लान’ आमचाच, असं हेगकर छाती फुगवून सांगतात. त्या रस्त्याला लागून असलेल्या एका कोपऱ्यावर, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात बांधलेल्या विटांच्या घरात आम्ही मधला मजला घेतला. खाली आजी. वरचा मजला एका तरुण मालकाचा, पण तो तिथे राहत नसे, भाडेकरू ठेवी. जिना इतका उभा की सामान न्यायचं तर खिडकीतूनच न्यायचं.

घर बघायला गेलो तो रविवार होता आणि ऊन पडलं होतं. समोरच्या भिंतीत जवळजवळ भिंतभर खिडकी, तिच्या वरच्या पट्टीत रंगीत काचांची नक्षी. हिरवी पानं, पिवळी फुलं, मधून शिशाच्या काळ्या रेघा. त्या नक्षीवर जीव जडला आणि आम्ही सही केली.

मी कल्याणची. रेल्वेलाइनच्या कडेला वाढले. रात्रीची मालगाडी गेली नाही तर आमच्या घरात माणसं उठून बसत. आवाज हा विषय माझ्या खिजगणतीत नव्हता. नवरा मात्र तासगावकडचा, द्राक्षबागांत वाढलेला. शिवाय त्याच्या पाळ्या. रात्रपाळी करून सकाळी आठाला घरी आलेला माणूस झोपायला जातो तेव्हाच हेगचा दिवस सुरू होतो. कोपऱ्यावर ट्राम वळली की तिची चाकं रुळावर घासून किंचाळतात. आमचा बाजूचा रस्ता डांबरी नाही, विटांचा आहे. इथे जुन्या भागात रस्ते विटांचेच असतात, दिसायला सुरेख; पण टेम्पो त्यांवरून गेला की टायर तडतडत जातात. त्यात कचऱ्याची गाडी, पोरांच्या स्कूटर, आणि कुरिअरवाले. नवरा उशी डोक्यावर घेऊन पडलेला असे. डोळे लाल, बोलणं तुटक. जागतिक आरोग्य संघटनेनं युरोपासाठी २०१८ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी की रस्त्याचा रात्रीचा आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये. आपल्या देशातही निवासी भागासाठी रात्रीची कायदेशीर मर्यादा ४५ हीच आहे. गणपती-नवरात्रात तिचं काय होतं ते सांगायला नको. पण दोन्हीकडचे आकडे रात्रीचे. दिवसा झोपणाऱ्याचा विचार कुणी केलेला नाही.

आवाजाचं एक दुखणं. दुसरं गारठ्याचं. २०२२ च्या १८ फेब्रुवारीला युनिस नावाचं वादळ आलं, ज्यात इथल्या फुटबॉलच्या मैदानाच्या छपराचे तुकडे उडाले. त्या दिवशी आमची भिंतभर खिडकी चौकटीत थरथरत होती आणि जाड पडदा आतल्या आत फुगत होता. खिडकी बंद होती, बरं का. आठवडाभरात युक्रेनवर हल्ला झाला आणि पुढच्या काही महिन्यांत गॅसचं बिल उघडायची भीती वाटायला लागली. सरकारनं नोव्हेंबर आणि डिसेंबरात प्रत्येक घराला १९०-१९० युरो दिले, २०२३ साठी गॅसच्या दराला १.४५ युरोची कमाल मर्यादा घातली, तीही वर्षाला १,२०० घनमीटरपर्यंत. थर्मोस्टॅट १९ वर ठेवा, अशा जाहिराती लागल्या. आम्ही १७ वर ठेवला आणि घरात लोकरी मोजे घालून वावरू लागलो. सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे काचेवरून ओघळणारं पाणी पुसायचं. खिडकीच्या खालच्या लाकडात काळी बुरशी धरली होती.

इथली जुनी घरं इतकी उघडीवाघडी का, हा प्रश्न मला तेव्हा पडला. उत्तर उत्तरेला, ग्रोनिंगेन प्रांतात आहे. १९५९ मध्ये तिथे स्लोख्तरेन गावाजवळ प्रचंड वायू सापडला आणि पुढची कितीतरी वर्षं देशाला स्वस्तात ऊब मिळाली. ऊब स्वस्त, मग फटी कोण बुजवतो? पण वायू उपसला तशी वरची जमीन खचू लागली, भूकंपाचे धक्के बसू लागले. १६ ऑगस्ट २०१२ ला हुइझिंगे गावाजवळचा धक्का ३.६ तीव्रतेचा होता. हजारो घरांच्या भिंतींना भेगा पडल्या आणि लोक वर्षानुवर्षं भरपाईच्या फायली घेऊन फिरले. २०२३ च्या फेब्रुवारीत संसदेच्या चौकशी समितीनं अहवाल दिला, त्यात स्पष्ट म्हटलं की साऱ्या देशावर ग्रोनिंगेनचं ऋण आहे आणि ते फेडणं ही अब्रूची गोष्ट आहे. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला तिथला उपसा थांबला. मला हे वाचताना कोयना आठवली. धरणात गावं गेली, वीज मुंबईला गेली, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर जमीनदोस्त झालं, आणि धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या मागण्या पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिल्या. कल्याणच्या घरात बटण दाबताना आम्ही कधी त्यांची आठवण काढली? हेगमध्ये थर्मोस्टॅट फिरवतानाही नाही.

तर खिडक्या बदलायच्या ठरल्या. पहिल्यांदा एका कंपनीचा विक्रेता आला. बूट न काढता आत आला, टॅब्लेटवर रंगीत चित्रं दाखवली आणि सगळीकडे तिहेरी काच घ्या म्हणाला. आवाज? जाईल. गारठा? जाईल. फटींना हात लावून बघायची तसदी त्यानं घेतली नाही. आकडा असा सांगितला की नवऱ्याची उरलीसुरली झोपही उडाली.

शेवटी ज्यांनी काम केलं त्या काचवाल्या चाचांचा पत्ता मला हेगच्या मोठ्या बाजारात मिळाला. तिथे सुरीनामी बायकांच्या गाळ्यावर कारली, लांब चवळीच्या शेंगा, अळूसारखी पानं अशी आपली भाजी मिळते. माझी नेहमीची भाजीवाली बाई सरनामीत, म्हणजे सुरीनामच्या भारतवंशीयांच्या बोलीत बोलते, मी मुंबईच्या हिंदीत, आणि आमचं छान जमतं. खिडकीचं रडगाणं ऐकून तिनं पिशवीवरच एक नंबर लिहून दिला. म्हणाली, माझ्या आजाच्या गावचा माणूस आहे, फसवणार नाही.

चाचा म्हणजे सत्तरीकडे झुकलेला, लुकडासा, पण पंजे केवढाले. १८७३ मध्ये ‘लल्ला रूख’ हे जहाज कलकत्त्याहून मजुरांना घेऊन सुरीनामला गेलं आणि नंतर १९१६ पर्यंत अशी जहाजं जात राहिली. त्यांतल्याच कुठल्या तरी जहाजातून त्यांचे पूर्वज उसाच्या मळ्यांत पोचले. सुरीनाम २५ नोव्हेंबर १९७५ ला स्वतंत्र झालं, त्याच्या आधी काही महिने चाचा इथे आले, आणि आल्या आल्या काच बसवणाऱ्याच्या हाताखाली लागले. मी ‘चाचा’ म्हटलं, त्यांनी ‘बेटी’ म्हटलं, आणि बूट दाराबाहेर काढले.

त्यांनी आधी विचारलं, घरात उदबत्ती आहे का? मला वाटलं, काम सुरू करण्याआधी पूजा करणार. त्यांनी उदबत्ती पेटवली, पंखा बंद करायला लावला आणि खिडकीच्या चौकटीच्या कडेनं ती हळूहळू फिरवू लागले. सरळ वर जाणारी धुराची रेघ खालच्या डाव्या कोपऱ्यात आली आणि एकदम आडवी झाली, थेट माझ्या तोंडावर. उघडणाऱ्या झडपेच्या बिजागरीपाशी पुन्हा आडवी. चौकट आणि भिंत यांच्या सांध्यात तर धूर गरगरला. जिथे रेघ मोडली तिथे ते खडूची फुली मारत गेले. शेवटी खिडकीभर फुल्याच फुल्या. म्हणाले, इथून वारा येतो, तिथूनच ट्राम येते. खिडकीच्या शंभर भागांतला एक भाग जरी उघडा राहिला, तरी उरलेल्या नव्व्याण्णव भागांत सोन्याची काच बसवली तरी वीस डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडत नाही. (हे मी नंतर गणित मांडून पाहिलं. खरं आहे.)

मग अंधार पडेपर्यंत थांबले आणि खिशातून लायटर काढला. काचेसमोर ज्योत धरली की काचेच्या प्रत्येक पृष्ठभागात तिचं एक प्रतिबिंब दिसतं. समोरच्या खिडकीत दोनच ज्योती, म्हणजे एकेरी काच. स्वयंपाकघरातली खिडकी आधीच्या मालकानं कधीतरी बदलली होती. तिथे चार ज्योती दिसल्या. चारही पिवळ्या. चाचांनी मान हलवली. हल्लीच्या दुहेरी काचेत एका पृष्ठभागावर चांदीचा अतिशय पातळ लेप असतो. डोळ्यांना दिसत नाही, पण ज्योत त्यात लालसर-जांभळट दिसते. तो लेप खोलीतली उष्णता परत खोलीत ढकलतो. मधल्या पोकळीत हवेऐवजी आर्गॉन वायू भरलेला असतो. अशा काचेला इथे ‘एचआर प्लस प्लस’ म्हणतात. आमच्या स्वयंपाकघरातली काच लेप येण्याआधीच्या जमान्यातली निघाली.

माझ्यासारखीला पटतात ते आकडे. एकेरी काचेच्या एका चौरस मीटरमधून, आतबाहेर एक अंशाचा फरक असला, तर जवळजवळ ५.८ वॅट उष्णता निसटते. जुन्या दुहेरीतून २.८, एचआर प्लस प्लसमधून १.२ च्या आसपास. बाहेर शून्य आणि आत वीस असताना दहा चौरस मीटरची एकेरी काच म्हणजे अकराशे-साडेअकराशे वॅट सतत बाहेर. म्हणजे एक हीटर आपण रात्रंदिवस रस्त्यासाठी चालवतो. नव्या काचेत तोच आकडा अडीचशेच्या आत येतो. शिवाय अशा थंडीत एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग पाच अंशांवर उतरतो, नव्या काचेचा सतराच्या आसपास राहतो. खिडकीजवळ बसल्यावर खांद्याला जो गारवा झोंबतो आणि सकाळी जे पाणी ओघळतं, त्याचं कारण हेच.

पण गारठ्याची काच आणि आवाजाची काच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला चाचांनी समजावलं. साध्या दुहेरी काचेत दोन्ही काचा सारख्याच जाडीच्या असतात. एक ज्या सुरात थरथरते त्याच सुरात दुसरी थरथरते, आणि ट्रक-ट्रामचा खर्जातला घरघराट आरपार येतो. त्या आवाजापुरती ती एकेरीपेक्षा फारशी सरस नाही. तिसरी काच घातली तरी तेच. आवाज अडवायचा तर दोन काचा वेगवेगळ्या जाडीच्या हव्यात, आणि त्यांतली एक तरी दोन पापुद्रे मऊ पारदर्शक थरानं चिकटवलेली, म्हणजे तो थर थरथर गिळतो. दहा डेसिबल कमी झाले तर कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. आणि वजन? काचेचा एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला अडीच किलो. आवाजाच्या काचेत सगळी मिळून चौदा मिलिमीटर जाडी धरली, तर चौरस मीटरला पस्तीस किलो होतात. तुमची जुनी चौकट ही काच पेलेल, तिहेरी घेतली तर चौकटीच नव्या कराव्या लागतील, असं म्हणून त्यांनी विक्रेत्याचा कागद घडी घालून माझ्या हातात परत दिला. मागच्या बाजूला बाग आहे, तिथे आवाज नाही. तिथे साधी एचआर प्लस प्लस पुरे. आवाजाची काच फक्त रस्त्याकडे. आणि काच येईपर्यंत फटींना पट्ट्या लावा. पट्ट्या त्यांनी त्याच संध्याकाळी लावल्या, सामानाचे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही. अर्धं काम स्वतःच्या तोंडानं कमी करून गेलेला धंदेवाला मी याआधी पाहिला नव्हता.

आता अडचण वेगळीच होती. इथे फ्लॅटची खिडकी आपली नसते. चौकट आणि काच इमारतीच्या बाहेरच्या भिंतीचा भाग, आणि भिंत सगळ्यांची. निर्णय व्हीव्हीईचा, म्हणजे आपल्याकडच्या सोसायटीचा. हेगमध्ये अशा दोन-तीन घरांच्या चिमुकल्या सोसायट्या गल्लोगल्ली आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच नुसत्या कागदावर. आमचीही झोपलेलीच होती. २०१८ पासून कायद्यानं प्रत्येक व्हीव्हीईला दुरुस्तीसाठी दरवर्षी पैसे बाजूला टाकावे लागतात. आमच्या खात्यात रंगकामापुरतीही रक्कम नव्हती. महापालिकेत अशा सोसायट्यांना सल्ला देणारी खिडकी आहे, तिथून नमुने आणून मी सभेची नोटीस काढली. हिशेबाची माणसं एवढ्यासाठी तरी उपयोगी पडतात.

सभा आजींच्या दिवाणखान्यात झाली. कॉफी, आणि प्रत्येकी एक बिस्किट. दुसरं कुणी मागितलं नाही. वरचा मालक वेळेवर आला आणि त्यानं सरळ सांगितलं की त्याला यात रस नाही. गॅसचं बिल भाडेकरू भरतो, काचेचे पैसे मालकानं द्यायचे, तर त्याचा फायदा काय? माणूस वाईट नव्हता. त्याचा हिशेब त्याच्या बाजूनं चोखच होता. करायचंच असेल तर सगळ्यात स्वस्त दुहेरी काच करा, म्हणाला. मी म्हटलं, आवाजाच्या काचेची गरज आम्हालाच आहे, तिचा वरचा फरक आम्ही एकटे देतो.

आजी तोपर्यंत गप्प होत्या. त्या आमच्या ओठांकडे बघत ऐकत. त्यांनी हातातला कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, फरक कुणी एकट्यानं द्यायचा नाही. भिंत इमारतीची आहे. पुढच्या बाजूला तिन्ही मजल्यांवर एकच काच लागेल, खर्चाचे तीन हिस्से होतील. त्यांची अट एकच: रंगीत काचांची नक्षी जाता कामा नये. दोन विरुद्ध एक. ठराव झाला. वरच्या मालकानं इतिवृत्तावर सही केली, हात मिळवला आणि गेला. इथे भांडण असं होतं.

मी मागे थांबले. म्हटलं, आजी, तुम्हाला तर यातलं काहीच ऐकू येत नाही, मग? त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. गणवेशातला उंच माणूस, मागे ट्राम. त्यांचे यजमान ट्रामचालक होते. पहाटेची पाळी असली की दुपारी झोपायचे. तेव्हा याच खोलीच्या मागच्या बाजूला ते झोपत आणि आजी दोन्ही मुलांना घेऊन पावसापाण्यात बागेत जाऊन बसत. पाळीच्या माणसाची झोप मोडली की अख्खं घर मोडतं, म्हणाल्या. तुझा नवरा सकाळी जिना चढतो तेव्हा त्याच्या पायांवरून मला कळतं त्याची रात्र कशी गेली. ऐकू येत नाही, पण कठड्याला हात लावला की थरथर कळते. एवढं बोलून त्या कप उचलायला लागल्या. मी कप उचलायला पुढे झाले तर मला त्यांनी हात लावू दिला नाही.

काम व्हायला पुढचा वसंत उजाडला. त्या वर्षी देशभर सगळ्यांनाच खिडक्या बदलायच्या होत्या. अनुदान हवं तर काम व्यावसायिकानंच करावं लागतं, आणि चांगला कारागीर मोकळा नव्हता. चाचा आले ते पुतण्याला आणि दोन पोरांना घेऊन. सगळ्यात आधी नक्षी. ती त्यांनी कुणाला हात लावू दिली नाही. चौकटीला ठोकलेल्या लाकडी पट्ट्या पटाशीनं उचलल्या, शंभर वर्षांकडे चाललेलं दगडासारखं पोटीन इंचाइंचानं खरवडलं, आणि नक्षीचा एकेक पट्टा फळीवर आडवा घेतला. उभा धरला असता तर शिसं वाकलं असतं. जवळून पाहिलं तेव्हा कळलं की हिरव्या पानांतली दोन पानं वेगळ्या हिरव्याची आहेत, कधीतरी बदललेली. ते पट्टे एका जाणकाराकडे जाऊन साफ होऊन आले आणि नव्या दोन काचांच्या मधल्या पोकळीत बंद होऊन बसले. आता त्यांना ना पाऊस लागत, ना धूळ.

मग मोठ्या एकेरी काचा काढायची वेळ आली. काही अखंड निघेनात, फोडून काढाव्या लागणार होत्या. आजी खुर्ची टाकून फुटपाथवर बसल्या होत्या. चाचांनी हातोडी उचलली तशी त्यांनी कानातलं यंत्र काढून मुठीत धरलं. काचा फुटल्या, पत्र्याच्या पेटीत पडल्या. सगळं झाल्यावर मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. तेव्हा त्यांनी सांगितलं. ३ मार्च १९४५. त्या सात वर्षांच्या, बेझुइडेनहाउट भागात राहायच्या. जर्मनांनी हेगच्या जंगलात व्ही-२ क्षेपणास्त्रं ठेवली होती, इंग्रज विमानांनी ती उडवायला बॉम्ब टाकले आणि ते चुकून वस्तीवर पडले. पाचशेच्या वर माणसं गेली. आधीच तो उपासमारीचा हिवाळा. लोक झाडं तोडून जाळत होते. आजींचं घर उभं राहिलं, पण एकही काच राहिली नाही. आईनं खिडक्यांना पुठ्ठे आणि सतरंज्या ठोकल्या, आणि काच मिळेपर्यंत घरात दिवसा अंधार. काचेचा आवाज मला नको असतो, एवढंच म्हणाल्या आणि यंत्र पुन्हा कानात घातलं.

नव्या काचा बाहेरून शिडीच्या लिफ्टनं वर आल्या. चार माणसं, रबरी चोषकांनी धरलेली काच, आणि चाचांचा आवाज. काच चौकटीला टेकू द्यायची नसते. खाली प्लॅस्टिकचे छोटे ठोकळे ठेवून त्यांवर तोलायची, पाणी बाहेर जायला बारीक वाट ठेवायची. चाचा प्रत्येक ठोकळा बोटानं चाचपून पाहत होते. वर त्यांनी हवेसाठी एक जाड पेटीवजा झरोका बसवला. आत नागमोडी वाट आणि स्पंज असतो. वारा येतो, आवाज अडतो. मी म्हटलं, एवढ्या फटी बुजवल्या आणि आता भोक? तर म्हणाले, बेटी, तू फोडणी घालतेस, कुकर लावतेस. ती वाफ जाणार कुठे? घर बंद डबा झालं तर बुरशी परत येईल.

त्या आठवड्यात नवरा रात्रपाळी करून आला आणि दुपारी तीनपर्यंत झोपला. एवढं लिहून पुढे जाते. ज्यांच्या घरी पाळ्या असतात त्यांना याहून जास्त सांगायला नको.

सगळं गोडच झालं असं नाही. रस्ता गप्प झाल्यावर वरच्या भाडेकरूची पावलं ऐकू येऊ लागली, फ्रिजची घरघर ऐकू येऊ लागली. शरदात सकाळी काचेच्या बाहेरच्या बाजूला दव दिसलं आणि मी घाबरून चाचांना फोन केला. ते हसले, म्हणाले, काच चांगली असल्याची ती खूण आहे, आतली ऊब बाहेरच्या काचेपर्यंत पोचतच नाही. गॅस किती वाचला? बिल चांगलंच उतरलं, पण दर खाली आले होते आणि आम्ही पूर्वीपेक्षा कमी थरथरत जगत होतो. सगळं श्रेय काचेच्या नावावर टाकणं माझ्या धंद्यात बसत नाही.

चाचांनी आता काम सोडलं आहे, पुतण्या बघतो. दर वसंतात ते निळा लिफाफा घेऊन येतात. इथल्या करखात्याची पत्रं निळ्या लिफाफ्यात येतात आणि भल्याभल्यांची झोप उडवतात. मी त्यांचं विवरणपत्र भरते. ते पैसे विचारतात, मी पट्ट्यांच्या मजुरीची आठवण देते. मग चहा होतो. होब्बेमाप्लाइनवरच्या गांधीजींच्या पुतळ्यापासून ते चालत येतात, ट्राम घेत नाहीत.

आजी मात्र २०२४ मध्ये वृद्धाश्रमात गेल्या. जिना त्यांना नव्हताच, पण एकटीनं राहणं झेपेना. आम्ही जातो अधूनमधून. काचेसाठी त्यांचे आभार मानायचा मी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा त्यांनी विषय बदलून नवऱ्याच्या पाळ्या विचारल्या. त्यांच्या फ्लॅटची जाहिरात लागली तेव्हा एचआर प्लस प्लस काच आणि जपलेली रंगीत नक्षी या दोन गोष्टी त्यात ठळक होत्या. किंमत त्यामुळे वाढलीच असेल, पण तो विचार त्यांनी सभेत केला नव्हता हे मी शपथेवर सांगेन.

येत्या महिन्यात आमच्या व्हीव्हीईची सभा आहे. विषय एकच, छताचं इन्सुलेशन. मागणी वरच्या मालकाची. छप्पर त्याच्या डोक्यावर, ऊब त्याच्या मजल्याला, भाडं वाढणार त्याचं. आम्हाला मधल्या मजल्यावर त्याचा काडीचा उपयोग नाही. खर्चाचे हिस्से तीन. खालच्या नव्या मालकिणीनं मला विचारलं, तुमचं काय? मी तिला सांगितलं, छप्पर इमारतीचं आहे, माझं मत होकाराचं.